आमच्याच छपरावर बर्फ टिकत नाही

अख्ख्या गल्लीत छपरं पांढरी,
आमचंच तेवढं काळं.
विनिपेगमध्ये, जानेवारीत, हे काही भूषण नव्हे.
समोरच्या मिसेस पेल्तिये म्हणतात,
"बरंय तुमचं, बर्फ उपसायला नको!"
मी हसतो. त्यांनी आमचं गॅसचं बिल पाहिलेलं नाही.
ऊब आमची, पैसे आमचे,
आणि शेकतंय आभाळ.

उणे एकतीसला आसपासच्या सगळ्या चिमण्या
आमच्याच पाख्यावर अंग फुलवून बसतात.
झाला तर त्यांचा काय तो फायदा.

लाइल नावाचा पोरगा आला अंदाज द्यायला,
कपाळावर दिवा, तोंडाला मुसकं.
माळ्याच्या चौकोनातून त्याचे पाय तेवढे दिसत होते,
मग तेही दिसेनात.
तामाराने शिडी धरलेली.
मी नुसता उभा.

उतरला तो भुवया राखाडी करून.
म्हणाला, थर आहेत.
तळाला रंध्याचा भुसा, घर बांधलं तेव्हाचा.
त्यावर युक्रेनियन वर्तमानपत्रं,
उंदरांनी वाचून संपवलेली.
आणि सगळ्यांत वर चकचकीत दाणे.
इथे जरा थांबला.
"यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. नसेलही.
तपासून घेऊ. तोवर वर चढू नका, झाडू नका,
हात लावू नका."

हात लावू नका.

त्रेसष्ट साली रेल्वे कारखान्याच्या बोनसमधून
बाबांनी चौदा पोती आणली,
बटाट्याची आणावीत तशी, खांद्यावरून.
आई म्हणाली, एवढ्यात शिवणयंत्र आलं असतं.
बाबा म्हणाले, गारठल्या बोटांनी शिवणार काय?
रविवारी चर्चमधून आल्या आल्या
तुळयांच्या मधल्या खाचांत ओतली,
फळीच्या तुकड्याने सारखी केली.
मी आठ वर्षांचा, स्लाव्का सहा.
आम्ही ओंजळी भरभरून उडवत होतो.
घरातल्या घरात बर्फ, आणि गार लागत नाही!
स्लाव्काने तोंड उघडून जीभ बाहेर काढली होती,
खऱ्या बर्फाला काढतात तशी.

काल तिला फोन केला, रेजायनाला.
आधी पैशांचंच बोललो :
नवं भरायला सहा हजार,
दाण्यांत काही निघालं तर ते काढायलाच त्याच्या तिप्पट.
मी सत्तरीतला. वसूल व्हायला किती हिवाळे लागतील,
हा हिशेब मी मांडायला घेतला
की तामारा रेडिओ मोठा करते.
स्लाव्का ऐकत होती.
मग म्हणाली, "दोन दिवस केसांत चमकत होतं रे ते.
आईने धुऊ दिलं नाही.
म्हणाली, नाताळ जवळ आलाय, असू दे."
पुढे दोघंही गप्प,
एकमेकांचा श्वास तपासत असल्यासारखे.
तिला खोकला आला.
"थंडीचा आहे," ती घाईने म्हणाली.

मूठभर दाणे सीलबंद करून लाइल घेऊन गेला.
निकालाला दहा दिवस.
माळ्याच्या झडपेच्या फटींवर मी चिकटपट्टी लावली,
दुहेरी, आणि शिडी गॅरेजमध्ये नेऊन टाकली.
तामारा विचारते, बाबांचा राग येतो का?
त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.
घरात वाचणारा मी.
पोत्यावर निळं चित्र होतं,
हसरं घर, धुराड्यातून हसरा धूर,
आणि खाली : इतकं सोपं, की मुलंही ओततील.
मीच वाचून दाखवलं होतं,
मोठ्याने, एकही चूक न करता.
बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

आज पहाटे पुन्हा पडला.
नवाच्या आत आमचं छप्पर काळं.
चिमण्या आल्यात.
लाइलच्या कागदावर सही अजून केलेली नाही.
पेन मात्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय,
शाई गोठू नये म्हणून.