चार लाद्या

मागच्या अंगाला खोली वाढवतोय,
दहा बाय नऊ. भांडुपला, टेंभीपाड्यात, एवढी जागा निघते
ती शेजारच्या परुळेकरांशी वर्षभर न बोलून.

रामसजीवन मिस्त्री उकिडवा बसून
पाठकोऱ्या कागदावर थर काढतो:
सोलिंग, कोबा, त्यावर जाड काळं प्लास्टिक,
प्लास्टिकवर दोन इंची निळा फोम,
पुन्हा कोबा, मग टाइल.
"आणि जुन्या जमिनीचं काय?"
पेन्सिल कानावर जाते.
"नवी बांधली की पाणी जुनीत घुसणार, शेठ.
डोंगराचं पाणी. त्याला कुठून तरी यायचंच आहे."

जुनी म्हणजे शहाबादी, सत्त्याऐंशी सालची.
श्रावणात तिला घाम फुटतो,
कपाटाच्या पायांत गंजाचे मोजे.

सुहास म्हणतो, फोडून टाकू, एकदाच काय तो खर्च.
तृप्ती म्हणते, पोराचा दमा.
डॉक्टर म्हणतात, आईंचे गुडघे.
आई काही म्हणत नाही.

बत्तीस वर्षं म्युनिसिपल हॉस्पिटलात आयाबाई,
दिवसभर उभी, रबरी चपलेत.
संध्याकाळी चपला दारातच सोडून
खिडकीखालच्या चार लाद्यांवर तळवे टेकायची.
तोवर आम्ही कुणी चहा मागायचो नाही.

मी तिला फोमचा तुकडा दाखवला. पावासारखा हलका.
इन्सुलेशन, म्हटलं. ऊब, गारवा, काही पार होत नाही.
तिनं बोटानं दाबून पाहिला.
"म्हणजे पायाक जमीन लागाक देवची नाय, असाच मां?"

तरीही हिशेबात मी ओळ वाढवली: जुनी जमीन, पूर्ण.
मिस्त्रीनं वाचली, आईकडे बघितलं,
'पूर्ण'वर काट मारली.
"खिडकीखालच्या चार सोडतो.
मजुरी मात्र तेवढीच घेणार."

आता घर दोन इंच वर आलंय.
दारं खालून तासली, माळ्याला सुहासचं डोकं लागतं.
आणि खिडकीखाली तो खळगा.
पावसाळाभर डोंगराची सगळी ओल तिथेच.
तृप्तीनं रोज फडकं मारलं आणि मिस्त्रीच्या सात पिढ्या काढल्या.

परवा, मे महिना, दुपारी लाइट गेलेली.
मी आत आलो तर खळग्यात पाय सोडून
तृप्ती बसलेली, पोर मांडीवर झोपलेलं.
आई भिंतीकडे सरकून बसली होती,
तीन लाद्या सोडून.