रकाना

केमियार्वीच्या पोलीस ठाण्यातून बंदूक परत मिळाली
तेव्हा ती लख्ख पुसलेली होती.
बाबांनी इतकी कधी पुसली नव्हती.

एन्सिओ म्हणतो, वितळवून टाका.
शेजारचा उर्हो दबकत किंमत विचारून गेला.
त्याचाही काय दोष, हत्यार चांगलं आहे
आणि एल्कच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय.

दस्त्यावर एक जागा गुळगुळीत झालीय
तीस शरद गाल टेकून टेकून.
तेवढ्या जागेचं काय करायचं?
ठाण्याच्या अर्जात तसा रकाना नाही.

आई गप्पच.
संध्याकाळी तिनं फ्रीजर उघडला.
तळाशी बाबांच्या अक्षरातली पुडकी:
एल्क, ऑक्टोबर, दीड किलो.
याच बंदुकीचं.
एक काढून तिनं सिंकमध्ये ठेवलं, वितळायला.

रात्री आम्ही तिघं जेवलो.
एन्सिओ मध्येच थांबला,
दाताखालचं काहीतरी काढून दिव्याकडे धरलं.
हाड होतं.

"अजून अकरा आहेत," आई म्हणाली,
बटाटे माझ्याकडे सरकवत.
"ती संपू देत.
मग ठाण्यावर देऊन ये."