चिमटा

पोटाला चिमटा काढून
शेवटी सायकलचा चिमटा घेतला.
वकारभाई हसला नाही. तो माप घेत होता.

सायकल माझ्याकडे आली ती चौथ्या हाताची,
अमरावतीच्या कुठल्याशा वकिलाच्या पोरानं
दोन वर्षं गॅलरीत उभी ठेवलेली.
पुढे शॉकप होता, म्हणजे शॉकपचं सोंग.
आत स्प्रिंग गंजून गच्च,
आणि घाटातला एकेक दगड
थेट मनगटात येऊन आपलं नाव सांगायचा.

मनगटाचं काही नाही.
पण हँडलपुढे निळा डबा बांधलेला असतो,
डब्यात बाटल्या, बाटल्यांत थुंकी.
कोहाढाण्याहून दवाखान्यापर्यंत एकवीस किलोमीटर,
त्यातली अकरा नुसती उतरण.
गेल्या चैतात झाकण सुटलं,
मुंगल्या धिकारचा नमुना वाटेत सांडला.
कुंदा सिस्टर म्हणाल्या, दुसरा आणा.
दुसरा आणायला गेलो
तर मुंगल्या मोहफुलं वेचायला आत गेलेला.
नऊ दिवसांनी आला. नऊ दिवस खोकत.

नवा चिमटा साडेसात हजार.
माझ्याजवळ बत्तीसशे, त्यातले दोनशे सुटे.
वकारभाईनं माळ्यावरून एक काढला, फडक्यानं पुसला.
"मालक वाचला, चिमटाबी वाचला,
फकस्त सायकल मेली. अठराशे दे. चाकबी घेऊन जा."
मी हवेच्या शॉकपाचं विचारलं, उगाच, ऐकीव.
"हवेचा घेशीन त त्याचा पंप
कोण आणीन तुया ढाण्यात?"

उघडला तेव्हा आतलं तेल गुळाच्या पाकासारखं.
रॉकेलमध्ये धुतला, सील बदललं,
बोटानं ग्रीस भरलं, कोपऱ्याकोपऱ्यात,
बाळाच्या टाळूला तेल जिरवावं तसं.
वरची नळी चार बोटं जास्त निघाली.
आरी धरून तो बराच वेळ थांबला.
"उरली त रिंगा घालता येतीन.
कापली त कापली."
तीनच बोटं कापली.

मग ब्रेक.
पुढे डिस्क बसली, तारेवरची, साडेनऊशे.
तेलावरचे गुळगुळीत चालतात म्हणे,
पण तार तुटली तर फाट्यावरच्या किराण्यातही मिळते,
बिड्यांच्या पुड्याशेजारी टांगलेली.
मागेही डिस्क लाव म्हटलं.
"फ्रेमले कानच नाई.
कान नाई त बाळी कुठं घालू?"
मागे नुसते नवे गुटके, नवी तार. दोनशे चाळीस.
मजुरी दोनशे, ग्रीसचे त्यानं धरले नाहीत.
दहा रुपये उरले, त्यांचा चहा झाला. अर्धा-अर्धा.

"वीस डाव पळव, वीस डाव थांब,
मंग डिस्क ओळख धरीन," तो म्हणाला होता.
परतवाड्यातच पळवायची होती. मी पळवली नाही.
घाटाच्या पहिल्या वळणावर
लिव्हर मुठीत मिटली
आणि डिस्कनं मला ओळखलंच नाही.
सागाची पानं, दरी, पुन्हा पानं.
मागचे गुटके किंचाळले तेवढे.
सातव्या वळणापर्यंत कधीतरी पकड आली,
आधी किरकिर, मग जळका वास,
मग सायकल बैलासारखी मान घालून उभी.

याच जागी मी आजवर कधी थांबलो नव्हतो.
थांबता यायचंच नाही, म्हणून.
दगडावर मुंगल्या बसला होता,
पाण्याची बाटली, खांद्यावर कुऱ्हाड.
निकाल आला का, त्यानं विचारलं.
नाही म्हटलं. सोमवारी.
त्यानं हँडलवर तळवे ठेवून चिमटा दाबला,
सोडला, परत दाबला,
बाजारात बकरीची पाठ दाबून पाहतात तसा.
"केवढ्याला?"
सांगितलं.
जरा खोकला, थुंकला, त्यावर पायानं माती ओढली.
"छातीत बसवून देतो का रे, तो?"

मी डब्याची दोरी पाहिली.
घट्ट होती. तरी सोडून पुन्हा बांधली.