बंदीचे एकसष्ट दिवस

एक जूनला होड्या आंजर्ल्याच्या खाडीत शाकारल्या
आणि माझे अंगठे रिकामे झाले.

अंगठे म्हणावेत असं काही उरलं नव्हतं खरं तर.
दहा महिने दोर ओढून रेषा गेलेल्या,
बँकेतलं यंत्र ओळखत नाही,
रेशनवाला म्हणतो, दुसरं बोट लाव.
फोनच्या काचेवर ठेवला
तर बंदुकीला वाटायचं, कुणी नाहीच.
मी उभा, समोरचा उभा,
तो मारायचा, मी मरायचो,
आणि पाजपंढरीतल्या सगळ्या पोरांना
माझं नाव लाल अक्षरांत दिसायचं.

आठ दिवस खोबरेल चोळलं.
जुनी सालं निघाली,
खालून एक गुलाबी, लाजरा अंगठा आला,
जणू दुसऱ्याच कुणाचा.

प्रचिती चोगले बर्फाच्या कारखान्यामागे कोळंबी सोलते.
बंदीत तिलाही काम नव्हतं.
एक अख्खा डाव ती माझ्या मागे बसून राहिली,
मग म्हणाली, तुझी नजर पायाशी असते.

असते.
फळीवर तेल, फळीवर खवले,
कुठे गुंडाळी सुटलेला दोर.
खलाशाने वर बघितलं की तो पाण्यात.

इथे पाय नाहीत तुला, ती म्हणाली.
इथे फक्त डोकी आहेत.
भिंतीच्या कडेवर, डोक्याच्या उंचीला
तो ठिपका धरून चाल.
माणूस यायच्या आधी. आल्यावर नाही.

मग मी रिकाम्या मॅपमध्ये चालत राहिलो.
शत्रू नाही, गोळी नाही, नुसती दारं.
दाराशी थांबायचं, ठिपका उंचीला, पुढचं दार.
हसुराम तांडेलाने केबिनच्या भिंतीवर
खडूने डिझेलचे आकडे मांडलेले,
त्याच्याच खाली मी माझे लिहू लागलो:
दोन मारले, चौदा मेलो.
तीन, बारा.
एक, सोळा. (त्या दिवशी वीज सारखी जात होती. तरीही सोळा.)
तांडेल म्हणाला, हे कसले लिटर?

सेन्सिटिव्हिटी नव्वदवरून बेचाळीसवर आणली.
बंदूक वर उसळली की मी झटका द्यायचो.
दोर झटक्याने ओढला तर तळवा सोलतो,
हे हाताला ठाऊक होतं,
नव्या अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं.
त्याला सांगायला तीन आठवडे लागले.

आवाजात मात्र मी आधीपासून पक्का.
इयरफोनचा डावा कान मेलेला,
तरी पायरी लाकडी की पत्र्याची ते सांगायचो.
अंधारात इंजिन ऐकून होडी कुणाची हे कळतं,
त्यापुढे बुटांचं काय.

सव्वीस जुलैला प्रचितीला पाडलं.
मधोमध, कपाळावर, एकाच गोळीत.
ती बराच वेळ काचेकडे बघत राहिली.
फोन तापला होता माझा, म्हणाली.
मी म्हटलं, हो.
तिचा फोन तापलेला नव्हता,
चहाचे पैसे देताना मी तिच्या हातून घेऊन बघितला होता.

एक ऑगस्टला पहाटे भरतीवर होडी काढली.
सुवर्णदुर्ग मागे गेला, दीपस्तंभ मागे गेला,
वीस वावांवर नेटवर्क गेलं,
फोन मी पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला.
तिसऱ्या ओढीला उजवा अंगठा फाटला.
चौथीला डावा.

पाचवीला मी नाळेकडे चाललो होतो.
केबिनची कड, जाळ्याचा ढीग, डोलकाठी,
एकेका कोपऱ्यावर नजर, बरोबर उंचीला,
कुणी बाहेर आलंच असतं
तर मी तयार होतो.
कुणी आलं नाही.
पायात दोर आला.

तोंडावर पडलो, खवल्यांत, बर्फात.
तांडेलाने माझ्या आईपासून सुरुवात केली
आणि शेवटी विचारलं,
नजर कुठे होती रे तुझी?

साडेपाच फुटांवर, मी म्हटलं.

दात घासून बघितले, सगळे होते.
उठलो. जाळं अजून अर्धं पाण्यात होतं.