मिठाच्या रेघा

रास अल खैमात आमच्या लॉन्ड्रीत
दोन क्लबांची गाठोडी येतात.
डोंगराकडचा क्लब तक्त्यात वर,
खाडीकडचा तळापासून दुसरा.
तक्ता मी बघत नाही.
मशीनमध्ये टाकण्याआधी शर्ट उलटा करतो
आणि पाठीवरचं मीठ बघतो.

मी दाभोळचा, मासे खारवणाऱ्यांच्या घरातला.
मीठ कुठं मुरलंय आणि कुठं नुसतं भुरभुरलंय
हे मला कुणी सांगावं लागत नाही.

खाडीवाल्यांचा दहा नंबर
धुवायच्या आधीच अत्तराचा वास मारतो,
चड्डीला गवताचा डाग नाही.
सात नंबर मात्र इतका ताठ
की भिंतीला टेकवला तर उभा राहील.
तो क्वाबेना, घानाचा.
तिघांचं पळणं तो एकटा पळतो,
ऐंशीव्या मिनिटाला त्याच्या पोटरीत गोळा येतो
आणि गोल नेमका तेव्हाच बसतो.
दुसऱ्या दिवशी बोलणी त्यालाच.

डोंगरवाल्यांचं गाठोडं जास्त घाण.
जे मैदानात उतरलेच नाहीत
त्यांचीही बनियनं खारट.
पण मोजे सुलटे, जोडीजोडीनं.
मला वाटलं, ठेवला असेल एखादा माणूस
तेवढ्याच कामाला.
मग एकदा धुतलेल्या बॅगा द्यायला आत गेलो:
तेवीस बाप्ये बाकावर बसून
मोजे सुलटे करत
भांडत होते.

जिंकून आले होते, दोन-शून्य!
आणि सुहैल, मिसरूड फुटलेलं पोर,
कप्तानाला तोंडावर म्हणत होता,
चाळिसाव्या मिनिटाला तू मागे आला नाहीस.
(अकरा वर्षांत एवढी अरबी कळते.)
कप्तान म्हणाला, नाही आलो.
बस, एवढंच.
आणि पुढचा मोजा उचलला.

खाडीवाल्यांकडे हरल्यावर अशी सामसूम
की टबातला बर्फ तडकलेला ऐकू येतो.
प्रत्येकजण आपापल्या फोनात मान घालून.

माझा मावसभाऊ इरफान दुबईत
बेसबॉलच्या मैदानावर पाणी मारतो.
तो म्हणतो, इकडंही तेच.
अगदी लांब कोपऱ्यात एक जण उभा असतो,
तासभर चेंडू त्याच्या वाटेला जात नाही,
तरी प्रत्येक फेकीला तो दोन पावलं सरकतो.
ज्या संघातला तो सरकायचा थांबला,
त्या संघाचं, इरफान म्हणतो,
पाणी मारतानाच मला कळतं.
कसं कळतं?
तिथलं गवत एकाच जागी मेलेलं असतं.

आता खरं बोलायचं तर पैशाचंही आहे.
खाडीवाल्यांचे पगार तीन महिने थकलेत,
आमचं बिल पाच.
उपाशी माणसाला मोजे सुलटे कर
कोण सांगणार?
या मोसमातला त्यांचा हा तिसरा कोच.
नवा आला की फळा पुसतो,
जुन्याचे बाण खाली पुसट दिसत राहतात,
आणि पोरं कुठल्या बाणावर पळायचं
या विचारात उभी.

डोंगरवाल्यांचा बाखोदिर सहा वर्षं आहे.
पहिल्या वर्षी नववा आला. तरी ठेवला.
ऑगस्टच्या रात्री, हवा ओल्या घोंगडीसारखी,
तोच कॉर्नर, त्याच खुणेवरून, चाळीस वेळा.
मी कुंपणाबाहेर उभा राहून पाहिलंय.
बघवत नाही, इतकं कंटाळवाणं.

त्यांच्यातल्या एकालाही माझं नाव ठाऊक नाही,
हेही लिहून ठेवतो.
खाडीवाल्यांचा गोलकीपर हमदान
स्वतः गाडीतून गाठोडं उतरवतो,
सिराज, घरी पोरगी बरी आहे का, विचारतो,
आणि शनिवारी चार गोल खातो.

परवा त्यांचं गाठोडं आलं.
हरले होतेच, एक-दोन.
सात नंबर ताठ, नेहमीसारखा.
पण चार नंबरच्या पाठीवरही एक पांढरी रेघ,
पंधराच्या बगलेत दुसरी.
मी गाठोडं पुरतं उपसलं.
तळाशी दहा नंबरचे मोजे, अत्तराचे,
त्यातला एक सुलटा.
एकच.

दुसरा मी केला,
आणि मशीन लावलं.