सोवळ्यातला खांब

आधी घेवड्याची एक काठी रोवून
आठवडाभर मी नुसती बघत राहिले
ध्रुव कुठून दिसेल,
शेजारच्या धुराड्याच्या कुठल्या कडेनं.
क्लिदरोत तो चौपन्न अंश वर असतो.
मिरजेला बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्यावर टेकलेला असायचा,
वडील बोट दाखवायचे आणि वाटायचं
शिडी लावली तर पुसून घेता येईल.
इथं त्याच्यासाठी मान मोडावी लागते.

बॅरी ऑल्ड्रिच कुदळ घेऊन आला.
निवृत्त गवंडी, दोन्ही गुडघे बदललेले.
किती खोल?
कंबरेइतकं.
कुणाला पुरायचंय?
हादऱ्यांना, मी म्हटलं.

वर चिकणमाती, खाली त्याहून चिकण.
तिच्यात निळ्या नक्षीच्या बशीचे तुकडे,
तंबाखूच्या पांढऱ्या नळीचं एक बोट,
मान नसलेला चमचा.
कुणाचा तरी संसार इथं आधीच रुजवून ठेवलेला.
मी ते धुतले, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घातले.
बॅरी म्हणाला, असलं टाकून देतात.
मी म्हटलं, हो.

चौदा पोती काँक्रीट.
नळकांडं ओळंब्यात धरलं, वर चार बोल्ट,
पाणसळीतला बुडबुडा कुठंच ठरेना.
बॅरी कपडे झटकायला वळला
तेवढ्यात मी तळाशी सुपारी सोडली.
त्यानं पाहिलं. काही विचारलं नाही.
खिशातून एक पेनी काढून तिच्यामागं टाकली
आणि फावडं उचललं.

भोवती लाकडी फळ्या, उभं राहायला.
त्या खांबाला लागता कामा नयेत,
पाऊल पडलं की तारा डचमळतो.
म्हणून चहूबाजूंनी बोटभर फट.
आत्या सोवळ्यात असली की आम्ही
असंच अंग चोरून जायचो तिच्या बाजूनं.
आता या वयात
मागच्या अंगणात मीच एक सोवळं पाळते.

मग अठ्ठावीस दिवस
ओल्या बाळंतिणीसारखं त्याला गोणपाटात गुंडाळून ठेवलं.
पाऊस. पाऊस. एक दिवस गारा.
पोस्टमन म्हणाला, सूर्यघड्याळ का?
म्हटलं, साधारण तसंच. रात्रपाळीचं.
लेस्टरहून मुलगी फोनवर:
आई, तू तर घर विकून मिरजेला जाणार होतीस ना?
हो गं, पण आता हा खांब आहे.
त्याला काढायला सुरुंग लावावा लागेल असं बॅरी म्हणतो.
ती हसली. मीही हसले, जरा उशिरानं.

आभाळ फाटलं तेव्हा कळलं,
बोल्ट पाच अंश चुकलेत.
जन्मात एकदाच कायमचं काही केलं
आणि तेही तिरकं.
बसकणीला दोन बारीक स्क्रू असतात म्हणून निभावलं,
गोठलेल्या बोटांनी डावा सैल, उजवा घट्ट,
परत डावा.
ज्याला अढळपद मिळालं म्हणतात
तो ध्रुवसुद्धा ध्रुवावर नसतो,
चंद्राच्या रुंदीहून थोडा जास्तच बाजूला सरकून
रोज रात्री एक लहानसं रिंगण घालतो.
वडिलांना हे माहीत होतं का, कोण जाणे.

जानेवारी. मृगाच्या तलवारीवर यंत्र लावलं.
फळ्यांवर मी मुद्दाम पाय आपटला.
ढग तिथंच, फिकट हिरवा, पंख पसरलेला.
काही म्हणजे काही हललं नाही.
बॅरीनं टोपी मागं सारली,
श्वास रोखला, की काच धुरकटू नये.
बराच वेळ त्याची फक्त पाठ दिसत होती.
मग तो म्हणाला, आय.

त्यांच्याकडं त्याचा अर्थ, हो.
आमच्याकडं मळ्यातली माणसं आईला तशी हाक मारतात.
मी कुठला अर्थ घ्यावा हे ठरवत
अंधारात थर्मासचं झाकण शोधत राहिले.