खानापूरला, गाडी बघायला

निघायच्या आधीच होनगेकर मेस्त्री म्हणाले,
"बाई, पहिल्यांदा तोंड बघायचं नाही.
तोंड रंगवलेलं असतंय."
उद्यमबागेत चाळीस वर्षं सागवानी पॅटर्न घडवलेला माणूस.
खिशात चुंबक, रुमालात गुंडाळलेलं,
आणि गुडघे वाकत नाहीत म्हणून
काखेत सिमेंटची रिकामी गोणी, आडवं पडायला.

मी मार्चमध्ये एलआयसीतून सुटले.
ग्रॅच्युइटीचा आकडा पासबुकात अजून ओला होता.

शेडमध्ये ती उभी होती. दोन सीटांची, बिनछताची.
संकेश्वरी मिरची दोन वर्षं डब्यात राहिली
की होते तेवढी लाल.
सातवीत असताना कॅम्पात अशीच एक
माझ्या सायकलला वारा घालून गेली होती,
चालवणारी बाई, डोक्याला रुमाल, शेजारची सीट रिकामी.
त्या सीटमागे मी पुढची पंचेचाळीस वर्षं
रिक्षानं गेले.

"हुरळू नका. बॉनेटवर हात ठेवा."
ठेवला. गार.
"बरं आहे. ऊन लागलं असतं तर समजायचं,
आपण यायच्या आधी उठवून, चहा पाजून बसवलीय."

दाराखालच्या पट्टीवर चुंबक
दोन ठिकाणी चिकटलं, तिसऱ्या ठिकाणी पडलं.
"पुट्टी," मेस्त्री म्हणाले,
डॉक्टर 'साखर' म्हणतात तसं.
पायाखालची चटई उचलली
तर थेट जमीन, आणि कोंबडीचं एक पीस.

इनास बारदेसकरांनी बिस्किटांचा डबा आणला.
आत आजोबांच्या नावाचा पोर्तुगीज कागद,
पणजीचा इंग्रजी, इथला कानडी.
आडनाव तिन्हींत तीन तऱ्हांनी लिहिलेलं.
चासीचा नंबर मात्र एकच.
मेस्त्रींनी तो डोळ्यांनी नाही, बोटानं वाचला:
खोली सारखी, एकही आकडा नंतर ठोकलेला नाही.
"माणसांचं काय, बदलतात," ते म्हणाले,
"लोखंडाचं बदललं तर गाडी घ्यायची नाही.
सगळं मुळातलं पाहिजे. नाहीतर दुसरी बघू."

तिसऱ्या सेल्फला सुरू झाली. निळा धूर.
आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो,
दवाखान्यात रिपोर्ट उघडताना बघतात तसे.
थांबला.
"थांबला नसता तर चपला घालायच्या होत्या."

मग मेस्त्री बॅटरी घेऊन इंजिनात वाकले
आणि वाकलेलेच राहिले.

बारदेसकर आपणहून बोलू लागले,
"ते मॅनिफोल्ड तेवढं मूळचं नाही.
एक्याऐंशीला चोर्ल्याच्या वळणावर तडकलं.
विलायतेहून यायला आठ महिने म्हणाले.
पप्पांनी बेळगावात कुठंतरी ओतून घेतलं.
किंमत कमी करतो की."

मेस्त्रींनी रुमाल काढला, चुंबकाचाच,
आणि काजळी पुसत गेले, हळू,
एक कोपरा, मग त्याच्या आतला कोपरा.
बिडाच्या अंगावर नखाएवढं अक्षर वर आलं:
य. शेपूट तुटलेलं.
"पटाशी घसरली होती," ते म्हणाले. कुणाला कोण जाणे.
"मालक म्हणाला, राहू दे, काळं झाल्यावर कोण बघतंय."

यल्लोजी, बावीस वर्षांचे, क्षणभर त्या शेडमध्ये
हात मागे बांधून उभे होते.

मी विचारलं, "मेस्त्री, घ्यावी का?"
"मला आता विचारू नका."
"तुम्हाला त्यासाठीच आणलं ना?"
"सकाळी आणलंत. सकाळचा माणूस निराळा होता.
आपलीच पोरगी, आणि सोयरीक आपणच तपासायची?
वाईट म्हणवत नाही, चांगली म्हटलं तर लबाडी."
जरा वेळानं, "त्रेचाळीस वर्षं तापतंय. चीर नाही."

दहा हजार विसार दिला. पावती बारदेसकरांनी
मराठीत लिहिली, सही कानडीत केली,
आणि आडनावाची चौथी तऱ्हा निघाली.

परतीच्या बसमध्ये मेस्त्री खिडकीशी बसले,
गोणी मांडीवर नीट घडी करून.
देसूर गेलं. मच्छे गेलं.
पिरनवाडीच्या स्टॉपवर एकदम कपाळाला हात लावून म्हणाले,
"बाई,
ब्रेक बघायचे राहिले."